सूक्ष्म कण आणि विजेची सांठवण

शेतकऱ्यास सांठवणीचें महत्त्व सांगावयास नको. पिकलेलें धान्य कणगींत राहिलें तरच तें वर्षभर घराच्या कामीं येतें, आणि पावसाचें पाणी जमिनींत व विहिरींत मुरलें तरच रब्बीचा हंगाम साधतो. वीज हें मात्र असें पीक आहे कीं, तें निघेल त्याच क्षणीं खर्चावें लागतें. दिवसां ऊन भरपूर असतें आणि पाणी देण्याची पाळी रात्रीची येते, ही अडचण ज्यानें सोसली आहे त्यास विजेच्या सांठवणीची गरज निराळी समजावून देण्याचें कारण नाहीं.

हल्लीं फवारणीच्या पंपांत, घरच्या सौर दिव्यांत, कुंपणाच्या झटका यंत्रांत आणि दुचाकी गाडींतही बॅटरी येऊन बसली आहे. ती घ्यावयास गेलें असतां कांहीं विक्रेते 'ही नॅनोची आहे' असें सांगून अधिक किंमत मागतात. नॅनो हा शब्द खताच्या बाटलीमुळें आपल्या परिचयाचा झालेलाच आहे. परंतु बॅटरींत त्याचा अर्थ काय, त्यापासून फायदा कोणता व तोटा कोणता, हें ठाऊक नसेल तर घेणाराचा पैसा केवळ एका शब्दावर जातो. यासाठीं बॅटरींतील सूक्ष्म कणांचें शास्त्र सोप्या रीतीनें मांडण्याचा व त्यावरून खरेदीच्या वेळीं काय पहावें हें ठरविण्याचा आमचा या लेखांत विचार आहे.

मापाचा विचार

एका मिलिमीटरचे दहा लाख समान भाग केले असतां त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर होय. माणसाचा केस सुमारें ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. सामान्यतः १ ते १०० नॅनोमीटर मापाच्या रचनेस नॅनोरचना म्हणतात.

हें माप आपणांस अगदींच परकें नाहीं. जमिनीच्या शास्त्रांत २ हजार नॅनोमीटरहून बारीक कणांस चिकणमाती अशी संज्ञा आहे, आणि आपल्या काळ्या जमिनींतील मुख्य चिकण खनिजाचे पापुद्रे प्रत्येकीं सुमारें एक नॅनोमीटर जाडीचे असतात. वाळू पाणी धरीत नाहीं व काळी माती धरते, याचें मोठें कारण हेंच कीं, पाणी आणि अन्नद्रव्यें कणांच्या पृष्ठास धरून राहतात, आणि कण जितका बारीक तितकें वजनाच्या मानानें पृष्ठ अधिक.

किती अधिक, तें हिशेबानें पाहूं. आमची सारी नोकरी गुंठे व आणे मोजण्यांत गेली असल्यामुळें हा हिशेबही आम्ही त्याच मापानें मांडतों. एक सेंटिमीटर लांब, रुंद व उंच अशा घन ठोकळ्याचें पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असतें. त्याचे एकेक मिलिमीटरचे ठोकळे पाडले तर एकंदर पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होतें. तेच ठोकळे १०० नॅनोमीटरचे पाडले तर तें ६० चौरस मीटर, म्हणजे सुमारें साडेनऊ आणे क्षेत्र होतें. आणि १० नॅनोमीटरचे पाडले तर ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे. पदार्थ एक कणभरही वाढला नाहीं. केवळ बारीक केल्यानें बोटाच्या पेरावर मावणाऱ्या ठोकळ्यांतून सहा गुंठ्यांचें पृष्ठ निघालें. बॅटरींतील देवघेव पृष्ठावरूनच होत असल्यामुळें या हिशेबाचें तेथें फार महत्त्व आहे.

शिशाच्या बॅटरींतील बारीकपणा

ट्रॅक्टरची बॅटरी आपण सर्वांनीं उघडी पाहिलेली असते. तींत शिशाच्या पट्ट्या पातळ गंधकाम्लांत बुडविलेल्या असतात. फ्रान्सांतील गॅस्टन प्लांते यांनीं १८५९ सालीं ही रीत काढली. त्यांच्या शिशाच्या पत्र्याचें पृष्ठ प्रथम गुळगुळीत असे, व त्यामुळें वीज थोडी मावे. तो पत्रा पुनःपुन्हां भारून व रिकामा करून त्याचें पृष्ठ सच्छिद्र करावें लागे, आणि या कामीं फार काळ जाई. १८८१ च्या सुमारास त्याच देशांतील कामिय फोर यांनीं शिशाच्या भस्माचा लगदा पट्टीस लावण्याची युक्ति काढली. तो लगदा मुळांतच बारीक व सच्छिद्र असल्यामुळें बॅटरीची धारणशक्ति एकदम वाढली. म्हणजे पदार्थ तोच ठेवून पृष्ठ वाढविणें हा उपाय नवा नाहीं. नवें आहे तें इतकेंच कीं, आतां तो नॅनोमीटरच्या मापापर्यंत नेतां येतो.

याच बॅटरींत बारीकपणा गमावल्याचा परिणामही पाहावयास मिळतो. बॅटरी रिकामी होतांना दोन्ही पट्ट्यांवर गंधकयुक्त शिशाचे बारीक रवे बसतात. लागलीच भारली तर हे रवे विरघळून मूळ स्थितीवर येतात. परंतु हंगाम संपल्यावर तशीच रिकामी ठेवली, तर बारीक रवे विरघळून मोठ्या रव्यांवर जमत जातात व त्यांचे टणक खडे बनतात. खड्यास पृष्ठ कमी, म्हणून तो भारतांना सहजीं विरघळत नाहीं, आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. 'बॅटरी बसली' असें आपण म्हणतों, तेव्हां पुष्कळ वेळां हेंच घडलेलें असतें.

लोह-स्फुरदाची कथा

नॅनोरचनेनें एखाद्या टाकाऊ वाटणाऱ्या पदार्थाचें नशीब कसें पालटतें, याचें उत्तम उदाहरण लिथियम-लोह-स्फुरदाचें आहे. लिथियमची बॅटरी जपानांतील सोनी कंपनीनें १९९१ सालीं प्रथम बाजारांत आणली. तिच्या धन बाजूस कोबाल्ट धातूचें संयुग होतें. कोबाल्ट महाग, शिवाय तें संयुग फार तापलें तर त्यांतून प्राणवायु सुटतो व आगीस मदत होते. तेव्हां स्वस्त व निर्धोक पदार्थ हवा होता. अमेरिकेंत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठांत जॉन गुडइनफ व त्यांचे सहकारी ए. के. पाधी आणि के. एस. नंजुंडस्वामी यांनीं १९९७ सालीं लिथियम, लोह व स्फुरद यांचें संयुग पुढें मांडलें. लोह स्वस्त, स्फुरद आपल्या खताच्या गोणींतला. आणि त्यांत प्राणवायु स्फुरदाशीं इतका घट्ट बांधलेला कीं, तापला तरी सहजीं सुटत नाहीं. गुडइनफ यांस पुढें २०१९ सालीं, वयाच्या ९७ व्या वर्षीं, लिथियम बॅटरीच्या कार्याबद्दल इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु या पदार्थांत दोन मोठे दोष होते. पहिला दोष असा कीं, त्यांतून वीज जवळजवळ वाहतच नसे. दुसरा असा कीं, त्याच्या स्फटिकांत लिथियमचे विद्युद्भारित कण मुख्यतः एकाच दिशेनें, अरुंद वाटांनीं, एकामागून एक जाऊं शकतात. अशा वाटेंत लोहाचा एखादा अणु चुकून बसला कीं, पाटांत ढेंकूळ अडकावें तशी ती वाट बंद होते, व पलीकडचा लिथियम आंतच राहतो. यामुळें आरंभींच्या प्रयोगांत एकंदर लिथियमपैकीं सुमारें ६० टक्केच बाहेर काढतां आला, आणि तोही अगदीं सावकाश.

यावर दोन उपाय निघाले व दोन्ही सूक्ष्म मापाचे आहेत. पहिला उपाय कण बारीक करण्याचा. कणाच्या आंतून पृष्ठापर्यंत येण्यास लिथियमला जो काळ लागतो, तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. अंतर निम्मे केलें तर काळ चौथाई होतो. अंतर दहावा हिस्सा केलें तर काळ शंभरावा हिस्सा होतो. १० हजार नॅनोमीटरच्या कणाऐवजीं १०० नॅनोमीटरचा कण घेतला, म्हणजे अंतर शंभरपट घटलें, तर काळ दहा हजारपट घटतो. ज्या कामास पावणेतीन तास लागत, तें या हिशेबानें एका सेकंदांत होईल. शिवाय वाट आंखूड असली म्हणजे तींत अडथळा असण्याचा संभवही कमी होतो.

दुसरा उपाय कणावर कोळशाचें अस्तर देण्याचा. कॅनडांतील मॉन्ट्रियल येथें मिशेल आर्मां, नताली राव्हे व त्यांचे सहकारी यांनीं १९९९ च्या सुमारास तो दाखविला. साखरेसारखा सेंद्रिय पदार्थ या चूर्णांत मिसळून हवेवांचून भाजला असतां तो जळून राख होत नाहीं, तर त्याचा कोळसा होऊन प्रत्येक कणावर कांहीं नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा बसतो. कोळशांतून वीज वाहते. म्हणून जो कण स्वतः वीज वाहून नेऊं शकत नाहीं, त्याच्या दारापर्यंत हा पापुद्रा वीज पोहोंचवितो.

या दोन उपायांनीं त्या पदार्थाची स्थिति पालटली. हिशेबानें त्याच्या एका ग्रॅमांत १७० मिलिअँपिअर-तास वीज मावावयास पाहिजे. चांगल्या चूर्णांत आतां १५० ते १६० पर्यंत प्रत्यक्ष मिळते. आज सौर दिवे, विजेच्या गाड्या व फवारणीचे पंप यांत 'एल. एफ. पी.' या नांवानें जी बॅटरी मिळते, ती हीच.

काळी जमीन आणि सिलिकॉन

बॅटरीच्या ऋण बाजूस बहुधा ग्रॅफाइट नांवाचा कोळशाचा प्रकार असतो. त्याच्या पापुद्र्यांच्या मध्यें लिथियम शिरून बसतो. काळ्या मातीच्या पापुद्र्यांत पाणी शिरतें तसाच हा प्रकार आहे. ग्रॅफाइटच्या एका ग्रॅमांत फार तर ३७२ मिलिअँपिअर-तास मावतात. सिलिकॉनांत, म्हणजे वाळूच्या मूळ द्रव्यांत, याच्या जवळजवळ दहापट मावतात. मग सर्वत्र सिलिकॉन कां वापरीत नाहींत? याचें उत्तर काळ्या रानांत उन्हाळ्यांत उभें राहिलें म्हणजे मिळतें. ही जमीन पाणी प्याली म्हणजे फुगते व वाळली म्हणजे भेगाळते. सिलिकॉनही लिथियम घेतांना फुगून जवळजवळ चौपट घनफळाचा होतो, व लिथियम गेल्यावर आकसतो. थोड्याच फेऱ्यांत त्यास भेगा पडून त्याचे तुकडे होतात, व तुकड्यांचा विजेशीं संबंध तुटतो.

अमेरिकेंतील स्टॅनफोर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म तारा उभ्या करून हा दोष टाळून दाखविला. तारांच्या मध्यें मोकळी जागा असल्यामुळें त्या न तुटतां फुगूं शकतात. पुढें २०१२ सालीं असेंही दिसून आलें कीं, सिलिकॉनचा कण सुमारें १५० नॅनोमीटरहून लहान असेल तर तो प्रथम फुगतांना भेगाळत नाहीं. तरीही केवळ सिलिकॉनच्या जोरावर बॅटरी टिकविणें अवघड असल्यामुळें बाजारांतील बहुतेक बॅटऱ्यांत तो ग्रॅफाइटमध्यें थोड्या प्रमाणांतच मिसळतात.

करवंटीचा कोळसा

नारळाच्या करवंटीपासून केलेला क्रियाशील कोळसा हें नॅनोरचनेचें तिसरें उदाहरण. या कोळशांत एक-दोन नॅनोमीटर रुंदीचीं असंख्य छिद्रें असतात. त्याच्या एका ग्रॅमाचें पृष्ठफळ १,५०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारें पंधरा गुंठे, सहज भरतें. 'सुपरकपॅसिटर' नांवाच्या उपकरणांत वीज या पृष्ठावरच धरून ठेविलेली असते. आंत शिरावयाचें नसल्यामुळें तें कांहीं सेकंदांत भरतें व रिकामें होतें, आणि लाखों फेऱ्या टिकतें. मात्र त्यांत वीज थोडी मावते: बॅटरींत एका किलोस १०० वॅट-तास मावत असतील तर यांत पांच-दहाच. क्षणभर मोठा जोर हवा तेथें तें उपयोगी. रात्रभर दिवा लावावयाचा असेल तेथें नाहीं.

बारीकपणाचे तोटे

येथवर वाचून कोणासही वाटेल कीं, मग कण जितका बारीक तितका उत्तमच. पण तसें नाहीं. जेथें पृष्ठ अधिक तेथें चांगली देवघेव अधिक, तशी वाईट देवघेवही अधिक. लिथियमच्या बॅटरींत प्रथम भारतांना ऋण बाजूच्या कणांवर एक पातळ आवरण बसतें, व तें बनविण्यांत कांहीं लिथियम कायमचा खर्ची पडतो. पृष्ठ वाढलें कीं हा खर्चही वाढतो.

दुसरा तोटा जागेचा. न दाबलेला कापूस व कापसाची गठाण यांतील फरक आपण जाणतोंच. अतिसूक्ष्म चूर्ण मोकळ्या कापसासारखें जागा खातें. तेव्हां तेवढ्याच डब्यांत माल कमी मावतो. तिसरा तोटा खर्चाचा. बारीक करणें, अस्तर देणें व दमट हवेपासून जपणें यांस पैसा लागतो.

यांतून कारखानदारांनीं जो मार्ग काढला तो शेतकऱ्यास सहज पटेल. चांगली जमीन नुसती धूळही नसते व नुसतें ढेंकूळही नसते. बारीक कण एकत्र येऊन तिचा रवाळ पोत झालेला असतो, म्हणजे तींत ओलही राहते व हवाही खेळते. त्याचप्रमाणें लोह-स्फुरदाचे सूक्ष्म कण कोळशानें एकमेकांस जोडून त्यांचे मोठे गोल रवे करतात. आंत बारीकपणा राहतो व बाहेरून माल दाबून भरतां येतो. यावरून उघड होतें कीं, बॅटरीचा गुण केवळ कण नॅनो असण्यांत नसून तो कण कसा जपला व कसा रचला यांत आहे.

घेणारानें काय पहावें

कण डोळ्यांनीं दिसत नाहीं, म्हणून 'नॅनो' या शब्दावर एक रुपयाही अधिक देऊं नये. पुढील गोष्टी मात्र विचाराव्या व पावतीवर लिहून घ्याव्या.

पहिली गोष्ट धारणशक्ति. व्होल्ट व अँपिअर-तास यांचा गुणाकार केला म्हणजे वॅट-तास येतात. १२.८ व्होल्ट व १२ अँपिअर-तासांच्या बॅटरींत सुमारें १५४ वॅट-तास असतात. दोन बॅटऱ्यांची तुलना याच आंकड्यानें करावी, डब्याच्या आकारानें नव्हे. दुसरी गोष्ट रसायन. लोह-स्फुरदाचा एक घट ३.२ व्होल्टचा असतो, म्हणून चार घटांचे १२.८ व्होल्ट होतात. शिशाची बॅटरी १२ व्होल्टची म्हणून विकली जाते. दोहोंचे चार्जर निराळे असतात. एकाचा दुसरीस लावूं नये. तिसरी गोष्ट फेऱ्यांची संख्या व हमीची मुदत. पूर्ण रिकामी करण्याच्या वापरांत शिशाची बॅटरी कांहींशें फेऱ्या टिकते. चांगली लोह-स्फुरदाची दोन हजार व त्याहून अधिक.

चौथी गोष्ट आपला वापर, आणि हिची उपेक्षा सर्वांत अधिक होते. समजा, शिशाची बॅटरी १,००० रुपयांस मिळते व ३०० फेऱ्या टिकते. लोह-स्फुरदाची ३,००० रुपयांस मिळते व २,००० फेऱ्या टिकते. जो वर्षांत तीनशें वेळां वापरील, त्यास पहिली फेरीस सुमारें ३ रुपये ३३ पैसे व दुसरी दीड रुपया पडेल. त्यानें दुसरीच घ्यावी. परंतु ज्याची फवारणी वर्षांत चाळीसच वेळां होते, त्याच्या दोन हजार फेऱ्या पुऱ्या होण्यास पन्नास वर्षें लागतील, आणि बॅटरी तर न वापरतांही वयोमानानें झिजते. ती दहा वर्षें टिकली असें धरलें तर चारशें फेऱ्या, म्हणजे फेरीस साडेसात रुपये; शिशाची तीन वर्षें टिकली असें धरलें तर एकशें वीस फेऱ्या, म्हणजे फेरीस सुमारें ८ रुपये ३३ पैसे. येथें फारसा भेद उरला नाहीं. आंकडे आम्हीं उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकानें आपल्या गांवच्या भावानें व आपल्या वापरानें हाच हिशेब करून पहावा.

निगा राखणें आपल्याच हातीं आहे. शिशाची बॅटरी काम संपतांच पूर्ण भारून ठेवावी व बिनहंगामांत महिन्या-दीड महिन्यानें पुन्हां भारावी, म्हणजे वर सांगितलेले खडे बनणार नाहींत. लिथियमची बॅटरी दीर्घकाळ ठेवावयाची असतां निम्मी भारून, गार व कोरड्या जागीं ठेवावी. उन्हांत तापणाऱ्या पत्र्याच्या शेडांत कोणतीही बॅटरी ठेवूं नये, कारण उष्णतेनें नको त्या क्रिया वाढतात. फुगलेली लिथियमची बॅटरी कदापि भारूं नये. जुनी बॅटरी बांधावर किंवा विहिरीजवळ टाकूं नये. शिसें विषारी आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून ती विक्रेत्याकडे परत द्यावी.

राहिला प्रश्न रात्रीच्या पाण्याचा. पांच अश्वशक्तीचा पंप सुमारें ३.७ किलोवॅट वीज घेतो; तीन तास चालविण्यास अकरा युनिटें लागतात. किलोस १०० वॅट-तास धरले तर यासाठीं एक क्विंटलाहून अधिक वजनाची लोह-स्फुरदाची बॅटरी लागेल, व तिची किंमत सामान्य बागाईतदारास झेपणारी नाहीं. म्हणूनच सौर पंप बहुधा बॅटरीवांचून बसविले जातात. ज्यास दिवसाच्या उन्हावर रात्रीचें किंवा पहांटेचें पाणी द्यावयाचें आहे, त्यानें दिवसां पाणी उपसून उंचावरील टाकींत किंवा शेततळ्यांत भरून ठेवावें. बॅटरी दिव्यास, फवारणीस व कुंपणास घ्यावी. पंपासाठीं मात्र आज तरी पाण्याचीच सांठवण विजेच्या सांठवणीहून स्वस्त पडते.